हात वर धरलेला धुळा

"मी नुसता बघायला चाललोय. मातीला पाय लावला तर नावाचा धुळा न्हाई!"

हरणाबाईनं लेकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कुस्त्या बघायला जानारा अंगाला तेल चोळतो व्हय रं?"

"थंडी हाय गं, आये!"

थंडी! पलूसला! भर चैत्रात!

खरं सांगायचं तर पाच महिने धुळाच्या डोक्यात कुस्तीशिवाय दुसरं काही नव्हतं. दिवाळीत तालमीत त्यानं एकाला झोकात खाली घेतला आणि स्वतःचा उजवा हात त्याच्याखालीच विसरला. तळहाताचं हाड मोडलं. सांगलीत ऑपरेशन होऊन आत पट्टी आणि चार स्क्रू बसले. तेव्हापासून तो रबरी चेंडू दाबत बसायचा आणि दाबता दाबता त्याची तंद्री लागायची. हलगी वाजतेय, लोक उभे राहिलेत, गुलालात आपण खांद्यावर! एकदा तर अशाच तंद्रीत त्यानं गोठ्याच्या खांबाला कव घालून तो उचलायला घेतला. म्हैस घाबरून दोन दिवस दूध देईना!

कालच नवा एक्स-रे काढला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, "नीट बघून सांगतो. मी हो म्हणेपर्यंत मातीत उतरायचं नाही. पुन्हा मोडलं तर कुस्ती कायमची विसरा. आणि हात ठणकला की डोक्याच्या वर धरत जा, सूज उतरते."

'कायमची' या शब्दाला धुळा मनापासून भ्याला होता. म्हणूनच तो जत्रेच्या मैदानात अगदी कडेला, शहाण्यासारखा मांडी घालून बसला.

तेवढ्यात हलगी कडाडली. ताक-तेल घालून मळलेल्या लाल मातीचा वास नाकात शिरला आणि धुळाचे डोळे आपोआप मिटले. हात ठणकला, त्यानं तो सवयीनं वर धरला. मग स्वप्न सुरू झालं. तो उठला. चालू लागला. आजूबाजूला टाळ्या, शिट्ट्या! पायाखाली माती कशी गारगार, मऊ लागत होती! जन्मभर असंच चालत राहावं असं त्याला वाटलं.

"धुळा पैलवान मैदानात!" भोंगा गरजला. "ऑपरेशनचा हात वर करून फेरी मारतोय! हाय का कुनी मर्द?"

धुळानं डोळे उघडले. आपल्याकडं मैदानात हात वर करून फेरी मारली की त्याचा अर्थ एकच: ज्याच्यात दम असेल त्यानं यावं! आता हात खाली घ्यावा तर माघार, वर ठेवावा तर मरण. इतक्यात कोरेगावचा विश्वजीत उठला. वजन एकशे दहा किलो!

"गड्या, हात सुजलाय म्हनून वर धरलाय," धुळा कुजबुजला.

"आन् कापडं बी सुजल्याली म्हनून काढलीस व्हय?"

धुळानं खाली बघितलं. शर्ट-पँट तिकडं कडेला पडली होती! लंगोट मात्र त्यानं सकाळीच आतून कसला होता. उगाच, सवय म्हणून!

सलामी झाली. एकदम ढाकेचा डाव टाकायचा, असं धुळानं ठरवलं. ठरवून होईपर्यंत वर निळंभोर आभाळ दिसू लागलं. किती स्वच्छ, किती शांत! पाठ मातीला आणि छातीवर अख्खा विश्वजीत!

व्यासपीठावर पाहुणे म्हणून आलेले सांगलीचे डॉक्टर फेटा सावरत धावत आले. त्यांनी धुळाचा उजवा हात ओढून घेतला.

"मूठ आवळा. दुखतंय?"

धुळानं नकारार्थी मान हलवली.

"सकाळीच बघितला तुमचा एक्स-रे. हाड पक्कं जुळलंय. कुस्ती खेळायला माझी काही हरकत नाही!"

पाच महिने ज्या वाक्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते वाक्य! धुळाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"फक्त एक पथ्य पाळा," विश्वजीतच्या मांडीवरून वाकून डॉक्टर म्हणाले. "सुरुवातीला जरा हलका जोडीदार घ्या."

'व्हय' असं म्हणायचं धुळाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण विश्वजीत अजून छातीवरून उठला नव्हता.