दत्तूमामा दात काढतो

आमच्या दत्तूमामाला खरं बोलायचं असलं, की तो आधी दात काढतो. इतर माणसं दात काढतात ती हसायला. मामा खरोखरच काढतो. आधी वरचे, मग खालचे. रुमालानं पुसून सदऱ्याच्या खिशात ठेवतो, खिशाचं बटण लावतो आणि मग बोलतो.

कवळी तोंडात असली की मामा तहसील कचेरीतल्या नोटिशीसारखा बोलतो. "यावे विलासराव, आसनस्थ व्हावे. प्रवास सुखरूप झाला ना?" कवळी खिशात गेली की तोच माणूस म्हणतो, "इलास, लय जाड झालायस रं. उंबरा वलांडताना बी दम लागतोय तुला." दोन्ही वेळा मला उत्तर सुचत नाही. पहिल्या वेळी भाषेमुळं आणि दुसऱ्या वेळी दमामुळं.

या नोटिशीच्या भाषेला दातांचा डॉक्टर जबाबदार आहे. मामा कोयनेच्या पॉवरहाऊसमधून रिटायर झाला, पाटणजवळ गावी येऊन राहिला आणि त्याच वर्षी मामानं आणि मामीनं एकदमच कवळ्या करून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, रोज तासभर मोठ्यानं वाचा, म्हणजे जीभ वळेल. मामानं वर्तमानपत्रातले अग्रलेख वाचले. जीभ वळली ती वळलीच. मामीनं मात्र काही वाचलं नाही. ती नव्या दातांनी पहिल्याच आठवड्यात पेरू खाऊन मोकळी झाली.

मामी तशी बिनधास्त बाई, पण एका बाबतीत फार जपायची. बिनदाताचं तोंड ती कुणाला दाखवत नसे. खिडकीत स्टीलचे दोन पेले असत, एक त्याचा, एक तिचा. सकाळी ती पदर तोंडाला लावून खिडकीशी जायची आणि वळायची ती दात बसवूनच. मामानं स्वतः तिला तसं कधी पाहिलं नव्हतं.

पॉवरहाऊसनं मामाला दोन सवयी लावल्या. तिथं मशिनच्या आवाजात कुणाला काही ऐकू यायचं नाही, म्हणून सगळा कारभार हातांच्या खुणांवर चालायचा. अंगठा वर म्हणजे सगळं ठीक, चालू द्या. हा अंगठा घरीही आला. मामाला पुढं पुढं ऐकू कमी यायला लागलं, तेव्हा मामीनं स्वयंपाकघरातून हाक मारायचंच सोडलं. चौकटीच्या कडेनं नुसता तिचा अंगठा बाहेर यायचा. म्हणजे चहा झाला, या.

दुसरी सवय हातात द्यायची. तिथं पाना, बोल्ट, काहीही फेकायला बंदी होती. चुकून मशिनमध्ये गेलं तर? म्हणून मामाचं आयुष्यभराचं वाक्य ठरलं, "फेकायचं न्हाई. हातातनं हातात." किल्ली असो, पेपर असो, पेरू असो, समोरच्यानं हात पुढं केल्याशिवाय मामा वस्तू सोडायचा नाही. अपवाद फक्त मिरचीचा. मिरची हातात दिली की भांडण होतं, ती खाली ठेवायची. एकदा मामीनं मुद्दाम हातात मिरची दिली आणि दोघंही दिवसभर भांडणाची वाट बघत बसली. संध्याकाळी भांडण झालं, ते आधी सुरुवात कुणी करायची यावरून.

दोन वर्षांपूर्वी मामी पहाटे झोपेतच गेली. बायकांनी न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. सारा गाव शेवटचं बघून गेला. तिचं माहेर धरणात बुडालेलं, म्हणून तिच्या इच्छेप्रमाणं आम्ही लाँचनं जाऊन राख धरणाच्या पाण्यात सोडली. माहेरी पोचवली, असं सगळे म्हणाले. मामा काही बोलला नाही. तेव्हा त्याच्या तोंडात दात होते.

आता पुढं जे घडलं त्याला कारण मी. सांगलीत माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, मी दोन पुरांत ते दुकान वाचवलंय, पण मला पोहता येत नाही. बादलीतसुद्धा मी पाय जपून घालतो. माझी मुलगी मात्र कॉलेजच्या सहलीत मालवणला गेली आणि हवेचं नळकांडं पाठीवर बांधून समुद्राच्या तळाशी जाऊन आली. दिवाळीला मी तिचा व्हिडिओ मामाला कौतुकानं दाखवला. मामानं तो चार वेळा पाहिला. मग दात काढले आणि विचारलं, "खाली वाळू आसती काय रं?"

पंधरा दिवसांनी शेजारच्या शेवंताकाकूंचा फोन आला. "आवं, तुमचा मामा म्हशीच्या डोणीत तोंड घालून बसतोय. म्हस न्हाई आता, पर डोण भरून घेतलीया. बघा काय ते."

मी पाटणला गेलो. मामा खरंच गोठ्यातल्या पाण्याच्या दगडी डोणीत डोकं घालून बसला होता, तोंडात बागेच्या पाइपाचा तुकडा. बाहेर आला, मला पाहिलं, आणि आसनस्थ व्हा म्हणाला. दाव्याचा दगड सोडून मला तिथं आसन दिसेना.

अडचण कवळीची होती. पाण्याखाली श्वासाची नळी दातांनी धरावी लागते, हे त्यानं व्हिडिओत बरोबर हेरलं होतं. पाइप चावला की खालची कवळी वर यायची, वरची खाली, आणि पाइप दोघींना सोडून जायचा. म्हणून त्यानं आदल्या आठवड्यात लाडवाचा डिंक लावून कवळी बसवली होती. ती बसली. इतकी बसली, की वरची-खालची एकमेकींना चिकटून संध्याकाळपर्यंत तोंडच उघडेना. तो दिवस मामानं ताकावर काढला आणि शेवंताकाकूंशी पाटीवर लिहून बोलला. तेही अग्रलेखाच्या भाषेत, असं काकूंचं म्हणणं. काकूंना वाचता येत नाही.

हे चाललंय कशासाठी, ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी थोडं कळलं. मामा खिडकीशी उभा होता. त्यानं आपल्या पेल्यातलं पाणी बदललं, मग शेजारच्या पेल्यातलंही बदललं. दुसऱ्या पेल्यात मामीची कवळी होती. मी चप्पल शोधतोय असं दाखवलं.

गेल्या हिवाळ्यात मी त्याला मालवणला नेलं. बायको म्हणाली, दोघांपैकी शहाणा कोण ते ठरवून मग निघा. ते न ठरवताच आम्ही निघालो. फोंडा घाट उतरताना मामानं दात काढून खिशात ठेवले. मी गाडी हळू केली.

"इलास, ती बोळक्या तोंडानं गेली रं," मामा म्हणाला. "बारा वरसं तिनं मला तोंड दावलं न्हाई तसलं. आन् त्या दिवशी सगळ्या गावानं बघितलं. कुणाच्या ध्यानात आलं न्हाई, माझ्याबी न्हाई. तिसऱ्या दिवशी पाणी बदलाय गेलो, तर तिचं दात तिथंच."

मी पुढचं वळण घेतलं. मग मी म्हणालो, मामा, धरणात सोडूया की, तिथंच तर आहे ती.

"तिथं न्हाई ती." मामाचा आवाज आता ड्युटीवरचा होता. "धरणातलं पाणी ऱ्हातंय व्हय तिथं? बोगद्यातनं डोंगराच्या पोटात जातंय, मशिन फिरवतंय, पल्याड कोकणात उतरतंय आन् समुद्राला मिळतंय. तीस वरसं मीच सोडलंय की. गाव म्हणतंय म्हायेरी हाय. ती कवाच म्होरं गेली."

"मग होडीतून सोडू."

"फेकायचं न्हाई," मामा म्हणाला. मग खिडकीबाहेर बघत पुढं म्हणाला, "तुला येडेपणा वाटत आसंल. मलाबी वाटतोय. पर द्यायचं तर हातात द्यायचं."

मालवणात आमची गाठ लोकांना समुद्राच्या तळाशी नेणाऱ्या बाबलशी पडली. हा चाळिशीचा, पोट सुटलेला, पाण्यात मात्र माशासारखा माणूस. त्यानं फॉर्म पुढं केला. मामानं कवळी बसवून सांगितलं, "वय वर्षे एकोणसाठ." बाबलनं फॉर्म मिटून ठेवला आणि नुसता मामाकडं बघत बसला. मामानं दात काढले. "भात्तर." आणि पाटणच्या डॉक्टरनं तपासून दिलेला कागद खिशातून काढून त्याच्या हातात दिला. हातातनं हातात. बाबलनं स्वतः रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, आणि कवळी सैल असेल तर ती वर होडीतच ठेवायची म्हणाला. नळी हिरड्यांनी धरता येईल का, हाच प्रश्न होता.

"घट हायत हिरड्या," मामा म्हणाला. "फुटाणं खातोय मी."

होडीत त्यानं आपली कवळी मला दिली. मी रुमालात धरली. दुसरी कवळी एका खणाच्या पिशवीत होती, पिशवीची दोरी त्याच्या मनगटाला. शेजारी पुण्याच्या एक बाई बसल्या होत्या. माझ्या मुठीकडं बघून त्यांनी शिंपला मिळाला का म्हणून विचारलं. मी दात म्हणालो. त्या पलीकडच्या फळीवर जाऊन बसल्या.

बाबलनं खुणा शिकवल्या होत्या. बोटांचा गोल म्हणजे ठीक. अंगठा वर म्हणजे मला वर घ्या. मामा खाली गेला आणि मी मिनिटं मोजायला लागलो. मिनिट व्हायच्या आत दोघं वर. बाबलनं खाली विचारलं होतं, ठीक? मामानं अंगठा दाखवला होता. दुसऱ्यांदाही तेच. मामाला कळत होतं, पण तीस वर्षांचा अंगठा ऐकेना. बाबल म्हणाला, आता एकदाच, मागची माणसं खोळंबलीत, आणि आजोबांना दमही लागलाय.

मामाचे ओठ निळसर दिसत होते. त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि बाबलकडं बघायचं टाळलं. दात नसलेलं ते तोंड मी प्रथमच इतकं गप्प पाहिलं. आयुष्यात मी कुणाला पाण्याबद्दल सल्ला दिलेला नाही, तो तेव्हा दिला. "मामा, पिशवी उजव्या मुठीत घे. अंगठा मुठीच्या आत. सोडूच नको."

तो गेला. पाणी वर मिटलं. मी मुठीतले दात इतके घट्ट धरले होते, की माझ्या तळव्यावर त्यांचे वळ उठले. पुण्याच्या बाई माझ्याकडं बघत होत्या. थोड्या वेळानं त्या परत माझ्या शेजारी येऊन बसल्या.

बऱ्याच वेळानं ते वर आले. मामाला होडीत घेतलं, टॉवेलात गुंडाळलं. त्याचे दोन्ही हात मोकळे होते. तो डोळे मिटून टेकला. मी त्याच्या हातात त्याचे दात ठेवले, ते त्यानं तसेच मुठीत धरले, बसवले नाहीत.

बाबल मला बाजूला घेऊन सांगत होता. खडकाच्या कुशीत मामानं हातानं वाळू उकरली, पिशवी दोन्ही हातांनी खाली ठेवली, वाळू सारखी केली. "मगे अंगठो वर केल्यानी. माका वाटला, वर जावचा म्हणतत. म्हणान धरूक गेलंय. पन ते माझ्याकडे बघीतच नव्हते." त्यानं तोंडावरचं पाणी पुसलं. "वाळूक दाखवीत होते."

परतताना मामा घाटभर झोपला. संध्याकाळी उशिरा आम्ही पाटणला पोचलो, जेवून आडवे झालो.

सकाळी मी आवरून गाडीची किल्ली हातात घेतली, तेव्हा मामा खिडकीशी होता. त्यानं आपल्या पेल्यातली कवळी काढून बसवली, पेला विसळून भरला. मग दुसरा पेलाही विसळला आणि काठोकाठ भरला. भरून झाल्यावर तो त्यात बघत राहिला. नुसतं पाणी होतं.

तो वळला तेव्हा चेहरा नीट होता. "विलासराव, आता आपण मार्गस्थ व्हावे. दुकान आहे, संसार आहे. मी येथे अत्यंत व्यवस्थित आहे. माझी चिंता नसावी."

एकही अक्षर घसरलं नव्हतं. मी बरं म्हणालो, नमस्कार केला आणि दाराकडं वळलो. मागं पाण्यात काहीतरी पडल्याचा बारीक आवाज आला, एकदा, आणि परत एकदा. मी वळून पाहिलं. मामानं वरचे आणि खालचे, दोन्ही दात काढून मामीच्या पेल्यात ठेवले होते आणि तो बोलायला तोंड उघडत होता.

त्यानं काही म्हणायच्या आत मी किल्ली खुंटीला अडकवली आणि चपला काढल्या.

मामा किल्लीकडं बघत थांबला, त्यानं तोंड मिटलं आणि तो आत गेला. मी सतरंजीवर बसलो. दुकानातल्या माणसाला फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं. आत स्टो पेटल्याचा आवाज झाला, कपबशा वाजल्या.

मग स्वयंपाकघराच्या चौकटीच्या कडेनं एक अंगठा बाहेर आला.