काटेरावांचा रोजचा विरोध

एका जंगलात, म्हणजे आपल्या नेहमीच्याच जंगलात, साळिंदरांचं एक घर होतं. साळिंदरं दिवसा झोपतात आणि रात्री हिंडतात हे मला ठाऊक आहे. मागच्या रांगेतल्या हुशार बाळाने हात खाली घ्यावा. ही साळिंदरं दिवसा जागी असायची. गोष्ट मी सांगतोय.

घरात तिघं जण. आई साळूबाई, बाबा काटेराव आणि त्यांची मुलगी टोकी.

टोकीला एक नाद होता. बाबांच्या अंगावरून गळलेला काटा उचलायचा आणि बिळाच्या ओल्या भिंतीवर बाबांची पाठ काढायची. नुसती पाठच. कारण काटेराव दारात बसून, बाहेर बघत कंद चावत असायचे. चित्र पुरं होईपर्यंत ते हलायचे नाहीत. पायाला मुंग्या यायच्या, खऱ्या मुंग्याही यायच्या, तरी ते हलायचे नाहीत. मग वळून बघायचे आणि म्हणायचे, "छान काढलंयस गं."

टोकीला तेवढं पुरायचं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पाठ काढायला बसायची.

खरं तर इथेच गोष्ट संपायला हवी होती. सगळे सुखात होते. पण एके दिवशी साळूबाईंनी ती भिंत नीट पाहिली आणि त्यांना शोध लागला की आपल्या मुलीत कला आहे. आईला असा शोध लागला की मुलांनी जरा जपून राहावं.

त्या जंगलात टकाचोर नावाचा पक्षी पुस्तकं विकत हिंडायचा. साळूबाईंनी त्याच्याकडून 'थोर कलावंत तुमच्या घरी' हे पुस्तक घेतलं. चांगलं जाडजूड होतं. पुढच्या भागात थोरांची चित्रं, मागच्या भागात थोरांची आयुष्यं.

पहिला धडा होता वानरश्रेष्ठ शेपटेश्वरांचा. त्यांनी जन्मभर एकच आंबा काढला. टोकीनेही आंबा काढला. चांगला काढला, फक्त त्याला पाठीवर काटे आले.

"थोरांच्या आंब्याला काटे आहेत का?" साळूबाईंनी विचारलं.

"नाहीत."

"मग?"

टोकीने काटे पुसले. आठवडाभरात तिचा आंबा हुबेहूब शेपटेश्वरांसारखा झाला. साळूबाई तो दाखवायला शेजारच्या सशीणबाईंना घरी बोलावणार होत्या. त्याआधी सहज म्हणून त्यांच्याकडे डोकावल्या, तर तिथे भिंतीवर अकरा पिल्लांचे अकरा आंबे, सगळे हुबेहूब. टकाचोराने पुस्तक घरोघरी खपवलं होतं.

साळूबाईंचं तोंड एवढंसं झालं. घरी येऊन त्यांनी मागचा भाग उघडला आणि थोरांची आयुष्यं एका बैठकीत वाचून काढली. वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळला. शेपटेश्वरांच्या वडिलांचा चित्रकलेला कडाडून विरोध होता. खवल्या मांजरांतले थोर वळकटेबुवा यांच्या वडिलांचाही होता. ज्याच्या त्याच्या घरी विरोध. विरोध झाला, मूल पेटून उठलं, थोर झालं.

साळूबाईंनी काटेरावांकडे पाहिलं. ते पाठ करून बसले होते आणि टोकी चित्र काढत होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमच्यामुळे मुलीचं नुकसान होतंय."

"मी काय केलं?"

"काहीच केलं नाही, तेच म्हणतेय मी. रोज आपलं छान, छान. उद्यापासून विरोध करायचा. उन्हं करवंदीच्या जाळीवरून उतरली की सुरू."

काटेराव गरीब प्राणी. बायकोने लिहून दिलेलं वाक्य त्यांनी दिवसभर घोकलं. उन्हं उतरल्यावर टोकीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "चित्रं काढून पोट भरणार आहे का? आणि पोटावरून आठवलं, तू काही खाल्लंस का बाळा?"

साळूबाईंनी कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी काटेरावांना मध्येच हसू आलं. तिसऱ्या दिवशी ते वाक्यच विसरले आणि साळूबाईंना विचारायला आत गेले. टोकीला वाटलं, बाबांचा हा काहीतरी नवा खेळ आहे. तीही हसली.

चौथ्या दिवशी पाणवठ्यावर एका मुंगसाने काटेरावांचा सगळ्यांदेखत पाणउतारा केला. तिथे त्यांना उत्तर सुचलं नाही. आपल्याला कधी सुचतं? ते तसेच धुमसत घरी आले आणि नेमकी उन्हं उतरली. त्या दिवशी वाक्य अस्सल निघालं. टोकीच्या हातातला काटा त्यांनी ओढून घेतला, मोडला आणि म्हणाले, "उद्यापासून भिंतीला हात लावायचा नाही. बास झाली ही थेरं."

आत साळूबाईंना आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं. टोकी मात्र मोडलेल्या काट्याचे तुकडे उचलू लागली. तिला फार वाईट वाटलं. काटेरावांना तिच्याहून जास्त वाटलं, पण पुढच्या धड्यात लिहिलं होतं की वडिलांनी नमतं घ्यायचं नाही.

आता मूल पेटून उठणार म्हणून दोघं वाट बघत बसले. दोन दिवस गेले, आठ दिवस गेले. भिंत कोरी. साळूबाईंनी टोकीच्या वाटेत मुद्दाम सात अणकुचीदार काटे टाकून ठेवले. टोकीने ते केराबरोबर झाडून बाहेर टाकले.

शेवटी साळूबाईंना राहवेना. "मी जरा बाहेर जातेय," त्या म्हणाल्या. "बाबाही नाहीत. कोणी बघणार नाही. तुला चोरून काही करावंसं वाटत असेल तर कर हो."

"काय करू?"

"अगं, चित्र काढ की."

"बाबा नको म्हणालेत."

"नको म्हणाले म्हणून तर काढायचं."

"म्हणजे बाबांचं ऐकायचं नाही?"

साळूबाई अडकल्या. टोकी रांगायला लागल्यापासून त्या तिला मोठ्यांचं ऐकायला शिकवत होत्या. "ऐकायचं. पण हे एवढं ऐकायचं नाही."

"मग कुठलं ऐकायचं ते एकदा सांगून ठेव," टोकी म्हणाली.

साळूबाईंनी पुस्तक पालथं घातलं. त्यात ऐकणारं मूल एकही नव्हतं.

इकडे काटेरावांना कंद गोड लागेना. दारात पाठ करून बसावं, तर मागे कोणी नाही. एका सकाळी ते टोकीजवळ जाऊन बसले. "बाळा, माझं ते रागावणं खोटं होतं. आईने पुस्तकात बघून लिहून दिलं होतं. मी पाठ केलं होतं. तू काढ चित्र, खुशाल काढ."



"आणि त्याआधी तुम्ही 'छान काढलंयस' म्हणायचात," तिने विचारलं, "ते कुठल्या पुस्तकात होतं?"

"ते खरं होतं गं," काटेराव म्हणाले. "अगदी मनापासून होतं."

टोकीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. हेही त्यांनी दिवसभर घोकलं असेल का, ते तिला कळेना.

"बरं," ती म्हणाली आणि आईला कंद सोलू लागायला गेली. मोठी गुणी मुलगी.

त्याच आठवड्यात साळूबाईंनी टकाचोराला बोलावून पुस्तक परत दिलं. पुस्तकात काही खोट होती का, असं त्याने विचारलं.

"छे हो, पुस्तक उत्तम आहे," साळूबाई म्हणाल्या. "आमची मुलगीच सांगितलेलं ऐकते."

तात्पर्य: मुलांना थोर कलावंत करायचं असेल, तर त्यांना पाळण्यात असल्यापासूनच आईबापांचं न ऐकण्याची शिस्त लावावी. आज्ञाधारक मुलांच्या घरी भिंती तेवढ्या स्वच्छ राहतात.