शिर्केकाकांची अनवाणी गाडी

आमच्या बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रिकाम्या जागेच्या मधोमध चपलांचा एक जोड दिसला, की समजावं, शिर्केकाका गाडी घेऊन बाहेर गेले आहेत. नवी गाडी आल्यापासून काका चपला काढूनच तिच्यात बसतात. काढलेल्या चपला आत घ्यायच्या असतात, हे त्यांच्या लक्षात राहत नाही. देवळासमोर काढाव्यात तशा काढतात आणि निघून जातात. मग बँकेत, भाजीबाजारात, एकदा तर एका रिसेप्शनला, अंगात सफारी आणि पाय अनवाणी अशा थाटात ते हजर होतात. कुणी विचारलंच तर म्हणतात, "चपला घरी आहेत. मी बाहेर आहे. त्यात काय?"

काका मालगाडीवर गार्ड होते. लग्न केलं नाही. सगळी नोकरी शेवटच्या डब्यात एकट्याने काढली, त्यामुळे तेव्हा बोलायचं राहून गेलेलं सगळं ते आता आमच्याशी बोलतात. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते, म्हणजे माझ्या वाट्याला जरा जास्तच येतं. त्यांचा मुख्य सिद्धान्त पायांबद्दल आहे. "डोळे फसतात, कान फसतात. पायांना विचार," असं ते कुठल्याही विषयावर सांगतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमनने लिफ्ट दुरुस्त झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा काका उठले, अनवाणी लिफ्टमध्ये उभे राहून वर-खाली जाऊन आले आणि म्हणाले, "नाही. अजून थरथरते." पुढच्याच आठवड्यात लिफ्ट अडकली. आत चेअरमन होते.

तर एका पावसाळी सकाळी काकांच्या डाव्या पायाने त्यांना सांगितलं, की नव्या गाडीत पाणी आहे.

पाणी डोळ्यांना दिसत नव्हतं. कार्पेट वरून नुसतं गडद वाटायचं, पण टाच दाबली की थंडगार ओल वर यायची. काका शोरूमला गेले. तिथल्या सर्व्हिस विभागातल्या चिंतनभाईने गाडी दिवसभर ठेवून घेतली आणि संध्याकाळी परत दिली, ती मोगऱ्याच्या वासाची. पुढच्या पावसात पाय पुन्हा ओला. चिंतनभाई म्हणाला, "काका, तमारी छत्री भीनी हशे." काकांनी सांगितलं, की ओली असायला मी छत्रीच वापरत नाही. मग तो म्हणाला, काच उघडी राहिली असेल. गाडीला आणखी एक अत्तराची बाटली लटकली. आता ती लग्नाच्या हॉलसारखी घमघमायची आणि तळाशी भिजलेलीच असायची.

माझं डोकं तापलं. सामान्य माणसाच्या तक्रारीवर अत्तर शिंपडायचं आणि त्याला सेवा म्हणायचं! मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं: 'सुगंधाखाली दडपलेलं सत्य'. शोरूमच्या दारात उभं राहून वाटायचं ठरवलं आणि आधी काकांना दाखवलं. त्यांनी शांतपणे वाचलं.

"यात 'दडपशाही' चार वेळा आलीय."

"मग? आहेच ती."

"ओल कुठेय? ओल एकदाही नाही." त्यांनी कागद परत दिला. "तुझी क्रांती होईल तेव्हा होईल, पोरी. मला गाडी लवकर हवीय. आक्का नाही म्हणायला लागलीय."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर काकांना तिनेच वाढवलं. बडोद्याजवळ पादऱ्याला राहते, यजमान गेल्यापासून एकटी. काका किती वर्षं तिला म्हणतायत, माझ्याकडे बडोद्याला राहायला ये. तिची उत्तरं ठरलेली. बसच्या पायऱ्या उंच. रिक्षात हाडं खिळखिळी होतात. भाड्याच्या गाडीत आधी बसून गेलेल्या माणसाच्या विडीचा वास येतो. काकांनी एकेक कारण ऐकून घेतलं आणि साठी उलटल्यावर ड्रायव्हिंग शिकायला गेले. गाडी घेतली ती आक्काचं शेवटचं कारण संपवायला. आणि गाडीनेच तिला नवं कारण दिलं. फोनवर ती म्हणाली होती, "ओल्या गाडीत मी नाही बसणार, वसंता. सांधे धरतात. राहू दे आता."

"'पुढच्या महिन्यात बघू' म्हणाली असती तर चाललं असतं," काका म्हणाले. "पण हे 'राहू दे' मी ओळखतो. यानंतर ती विषयच काढू देत नाही."

तेव्हा पत्रक घरी ठेवून मी काकांबरोबर शोरूमला गेले. माझे बूट डिकीत, त्यांच्या चपला पार्किंगमध्ये.

चिंतनभाईने आम्हाला मॅनेजरसमोर नेलं. हा गृहस्थ धिप्पाड, गोड बोलणारा, आणि त्याचे बूट इतके चकाकणारे की त्यांत छतावरचे दिवे दिसत होते. "वडील, बेसो, कॉफी लो," तो म्हणाला. "आखा बरोडामां कोईनी कंप्लेन नथी. फक्त तुमचीच."

"कारण आखं बडोदं बूट घालून गाडी चालवतं," काका म्हणाले. "बुटातला माणूस आणि झोपलेला माणूस सारखेच. खाली काय चाललंय ते दोघांनाही कळत नाही. चला, आपण गाडीत बसू. वरून पाणी मारू दे यांना."

"हा, चलो ने," मॅनेजर उदारपणे म्हणाला.

"तसं नाही. आधी बूट काढा."

"एं?"

"मोजेसुद्धा."

शोरूममधली माणसं वळून बघायला लागली. एक बाई नव्या गाडीला हार घालताना थांबल्या. मॅनेजर माझ्याकडे बघून हसला, मी हसले नाही. शेवटी तो खाली बसला आणि त्याने बूट काढले. आतले पाय पांढरे, मऊ आणि बिचारे होते. कित्येक दिवसांत त्यांना कुणी काही विचारलं नसावं.

दोघं पुढे बसले, मी मागे. गाडी धुण्याच्या जागेवर नेली आणि पुढच्या काचेवर पाण्याचा जोरदार फवारा सुरू झाला. मॅनेजर मोबाईल बघत होता. काका डोळे मिटून बसले होते, एखादं स्टेशन यायची वाट बघावी तसे. मग मॅनेजरची मान हळूहळू वर आली.

"अरे," तो म्हणाला.

"काय?"

"पगमां..." त्याने एक पाय उचलला, मग दुसराही. आणि एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा ओरडला, "पाणी छे! चिंतन, अल्या पाणी छे!"

त्यानंतर कुणी अत्तराचं नाव काढलं नाही. पॅन्ट दुमडून, अनवाणी, सगळ्या वर्कशॉपभर मॅनेजर स्वतः फिरला आणि गाडीच्या सीट्स काढायला लावल्या. कार्पेटखालचा जाड थर बाहेर आला तो भिजलेल्या ढोकळ्यासारखा. काचेखाली, जिथून वायरी आत येतात, तिथलं रबराचं बूच कारखान्यातच बसवायचं राहून गेलं होतं. बूच बसलं, थर नवा घातला, आणि फवारा पुन्हा मारला तेव्हा मॅनेजर न सांगता बूट काढून आत बसला. पाच मिनिटांनी बाहेर येऊन त्याने काकांचा हात धरला. "कोरडं छे, वडील." काकांनी स्वतःच्या पायांना विचारून घेतलं आणि मान डोलावली. मला वाटलं होतं, विजयी मुद्रेने दोन शब्द बोलतील. ते म्हणाले, "रविवारी पादऱ्याला येतेस का? तिच्यासमोर मला गाडी नीट मागे घेता येत नाही."

रविवारी आक्का दारातच उभी होती. काठीसारखी ताठ, नजर आमच्यावर. "ही कोण?"

"वरच्या मजल्यावरची. पत्रकं लिहिते."

"असं? मग जेवण कोण करतं?"

उत्तराची वाट न बघता तिने वाकून गाडीच्या तळाला हात लावला, बोटं एकमेकांवर घासून पाहिली. "कोरडी आहे," ती जरा नाराजीनेच म्हणाली. "दोनच दिवस हं, वसंता. मग अडकवायचं नाही."

"दोनच दिवस," काका म्हणाले.

ती घरात गेली आणि बाहेर आली ती एक पिशवी आणि रंगाच्या जुन्या डब्यात लावलेला गवती चहाचा भला मोठा गड्डा घेऊन. त्याच्याशिवाय तिला चहा जात नाही. मी डिकी उघडायला गेले, तर ती म्हणाली, "तिथे नको, गुदमरेल." ती काकांशेजारी पुढे बसली, डबा तिच्या पायांशी आला, मी मागे. दोन दिवसांच्या चहाला चार पाती कापून घेतली असती तरी पुरली असती. काका स्टिअरिंग धरून त्या गड्ड्याकडे बघत राहिले. गाडी सुरू करायला त्यांना बराच वेळ लागला.

आक्काने निघताना रोपाला भरपूर पाणी घातलं असणार. गाव मागे पडेपर्यंत डब्याच्या तळाच्या भोकातून मातकट ओघळ निघाला आणि नव्या कार्पेटवर पसरायला लागला. मी पुढे वाकून हळूच म्हणाले, "काका, पाणी..."

"काय झालं?" आक्काने विचारलं.

"काही नाही, आक्का," काका म्हणाले, आणि पुढच्या गतिरोधकावर गाडी इतकी हळू केली, की मागचा ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला. "तू बस."