कवळीची साक्ष

गच्चीवरची आणखी एक पिकलेली स्ट्रॉबेरी नाहीशी झाली, तेव्हा कुलूपवाल्याने आधी आकाशाकडे पाहिलं, मग शेजारच्या गच्चीकडे.

"पक्षी अर्धं टाकून जातो. हे काम हाताचं आहे."

"मग कुंडीला कुलूप लावा की," बायको कपडे वाळत घालत म्हणाली.

जन्मभर कुलपं विकलेल्या माणसाला जगात माणसांच्या दोनच जाती दिसतात: चोर, आणि अजून न सापडलेले चोर. त्यात याने कित्येक वर्षं फुलाफुलांवर कुंचला फिरवून स्ट्रॉबेरीची नवी जात काढलेली. नोंदणी झाली की ती त्याच्या नावाने ओळखली जाणार होती. पण त्याआधी ती जुन्या जातीपेक्षा वेगळी आहे, हे परीक्षक बाईंना पटायला हवं. म्हणून तुलनेला जुनी जातही शेजारीच लावलेली. दोघींची पानं जुळ्या बहिणींसारखी. फरक काय तो फळात, आणि फळ पिकलं की गायब!

"शेजारचा रोपवाटिकावाला हल्ली मला पाहून हसतो," तो म्हणाला.

"माणूस हसला तरी तुमच्या पोटात दुखतं."

"आधी नव्हता हसत!"

शेवटी एका दुपारी त्याने गुपचूप पाट्यांची अदलाबदल केली. 'नवी' जुनीला, 'जुनी' नवीला. आता ने म्हणावं हवी तितकी! बायकोलाही पत्ता लागू दिला नाही. भिंतींना नुसते कान असतात, बायकोला मैत्रिणी असतात.

परीक्षक बाई आल्या, तेव्हा कोपऱ्यात खुर्ची टाकून त्याची आई ऊन खात बसली होती आणि पलीकडे बायको वाळलेले कपडे काढत होती. त्याने खालच्या आवाजात पाट्यांची युक्ती सांगितली आणि 'जुनी' लिहिलेल्या कुंड्या अभिमानाने पुढे सरकवल्या. बाईंनी भिंगातून फळ पाहिलं, कापलं, पुन्हा पाहिलं.

"ही तर जुनीच जात आहे."

"अहो, चव तर बघा! माझी जास्त गोड आहे."

"गोडी उन्हापाण्याने बदलते, ती लक्षण म्हणून धरत नाही. आणि तुमची कुठली हे तुम्हालाच सांगता येत नसेल, तर ती वेगळी आहे असं मी कशी लिहू?"

इतक्या वर्षांची मेहनत, आणि बाई पिशवी आवरायला लागल्या.

"थांबा हो," खुर्चीतून आवाज आला. "मला द्या एकेक. डोळे मिटते."

"आई!" सून दचकली. "डॉक्टरांनी गोड बंद केलंय ना तुमचं?"

"डॉक्टरांच्या पोराची नोंदणी अडलेली नाही."

बाईंनी दोन्हींतलं एकेक फळ तिच्या हातावर ठेवलं. पहिलं चघळताच म्हातारीने तोंड वाकडं केलं. "ही जुनी. बी कवळीखाली गेलं मेलं." दुसरं तिने डोळे मिटून, सावकाश, जरा जास्तच सावकाश खाल्लं. "ही आमच्या बाळ्याची. हिचं बी टोचत नाही."

बाईंनी पुन्हा भिंग लावलं. जुनीच्या बिया सालीवर उठून दिसत होत्या, नवीच्या खोल खळग्यात रुतून बसलेल्या. बाकीची फळं तपासली, तरी तेच.

"मिळालं की लक्षण! आणि पाट्या तर बरोबरच आहेत."

"कशा असतील? मी स्वतः बदलल्या होत्या!"

"मला वाटलं, तुम्ही चुकून उलट लावल्यात," बायको बोलून गेली. "पाटी बघून तोडलं, तर आई म्हणाल्या आज बी लागतंय, म्हणून मी परत..." तिने जीभ चावली.

कुलूपवाल्याने बायकोकडे पाहिलं, मग आईकडे. मधल्या भिंतीपलीकडे रोपवाटिकावाला पोट धरून हसत होता. रोजचा खेळ त्याला तिथून फुकटात दिसत होता.

"सवयीची जीभ आहे हो यांची," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "कधीपासून खाताय, आजी?"

"चहा टाकते," म्हणत सून जिन्याकडे पळाली.

"माझा बिनसाखरेचा गं," म्हातारीने मागून हाक दिली. "पथ्य आहे मला."