दादाच्या गाडीला काटे

फक्त एकच काटा बसवायचा, असं मीटरसाहेबांनी ठरवलं होतं. इथपर्यंत त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

मीटरसाहेब हे नाव ऑफिसनं ठेवलेलं. ते वजनमापे खात्यात तपासनीस. लोकांचे तराजू तपासता तपासता निम्मी हयात गेली, आणि जिथे काटा नाही तिथे विश्वास ठेवायची सवयच मोडली. घरी न्हाणीघरात थर्मामीटर, स्वयंपाकघरात दोन वजनकाटे (दुसरा पहिल्यावर लक्ष ठेवायला). बायको म्हणाली, ‘पाणी तापलंय,’ की हे विचारणार, ‘किती?’ ती माऊली हल्ली उत्तर देत नसे. बादली ठेवून निघून जाई.

अशा माणसाच्या दारात थोरल्या भावाची गाडी येऊन उभी राहिली. दादा जाऊन वर्ष झालं होतं. गाडी जुनीच, पण दादानं तिला हौसेनं सुपरचार्जर बसवलेला. म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारं एक यंत्र. ते इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबतं, गाडी चढावर उतारासारखी पळते, आणि जोर वाढला की बॉनेटखालून बारीक शिटी सुरू होते. त्या शिटीवर दादाचा फार जीव.

किल्ली वहिनींनी स्वतः आणून दिली.

“भाऊजी, रविवारी मी लेकीकडे जातेय. आता कायमचीच. त्याआधी एकदा मला घाटातून फिरवून आणा. ती शिटी एकदा ऐकायचीय. दुसरं काही नको.”

मीटरसाहेबांना गलबलून आलं. त्यांनी किल्ली जपून खिशात टाकली. शिवाय त्यांच्या पोटात एक जुनी गोष्ट होती. लहानपणापासून त्यांनी एकच ऐकलं होतं, दादाकडे बघ, जरा शीक. त्यांनी खूप बघितलं, पण ‘तू अगदी दादासारखं केलंस’ असं कुणी कधी म्हटलं नाही. या फेरीत वहिनी तसं म्हणतील, अशी त्यांना आशा होती.

पण हवा प्रमाणाबाहेर कोंबली गेली तर इंजिनाचे बारा वाजतात, हेही त्यांनी वाचलेलं. म्हणून हवेचा दाब दाखवणारा एक काटा घ्यायला ते दुकानात गेले.

“बूस्टचा काटा ना? देतो की,” दुकानदार म्हणाला. “पण साहेब, हवा दिसली आणि हवेबरोबर पेट्रोल किती जातंय ते नाही दिसलं, तर काय कळलं?”

“बरोबर आहे,” मीटरसाहेब म्हणाले. “तोही द्या.”

“आता इंजिन जोर करणार म्हणजे तेल तापणार.”

“तेलाचं तापमान द्या.”

“नुसतं तापमान? तेलाला दाब आहे की नाही, कोण बघणार?”

मीटरसाहेबांनी दुकानदाराकडे फार आदरानं पाहिलं. आयुष्यात प्रथमच कुणीतरी त्यांच्या भाषेत बोलत होतं. पाण्याचा काटा आणि बॅटरीचा काटा तर त्यांनी आपणहून मागितला.

दुसऱ्या दिवशी फिटरनं डॅशबोर्डभर काटे बसवले आणि हातात एक उरलेला काटा घेऊन तो बाहेर आला.

“याला जागा नाही. एखादा जुना काढू का?”

मीटरसाहेबांनी आत वाकून गंभीर चेहऱ्यानं विचार केला. वेगाचा काटा कायद्यानं हवा. राहता राहिला पेट्रोलचा.

“हा काढा,” ते म्हणाले. “हा परफॉर्मन्सबद्दल काहीच सांगत नाही. पेट्रोलचा हिशोब मी ठेवीन.”

हिशोब त्यांनी ठेवलाही. गाडीच्या पुस्तकात अॅव्हरेज पाहिलं, घाटाचं अंतर मोजलं आणि तेवढं पेट्रोल भरलं. (पुस्तक छापलं तेव्हा गाडीला सुपरचार्जर नव्हता. पण पुस्तक म्हणजे पुस्तक.)

बायकोनं एकदा आत डोकावून पाहिलं. “पेट्रोल कुठे दिसतं?”

“ते दिसायची गरज नाही.”

“असं,” ती म्हणाली, आणि पुढे काहीच बोलली नाही. इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला एवढ्यावरूनच शंका यायला हवी होती.

शनिवारी वहिनी नीट इस्त्रीची साडी नेसून, खांद्यावर शाल घेऊन शेजारी बसल्या. वर्षभरानं त्या सीटवर बसताना त्यांनी हात क्षणभर डॅशबोर्डवर ठेवला, आणि काटे टोचल्यासारखा मागे घेतला.

“आठवतं का भाऊजी, इथूनच हे—”

“वहिनी, एक मिनिट. तेल गरम होतंय.”

घाट लागला. बॉनेटखालून कुठे बारीक सूर निघू लागला, की बूस्टचा काटा पिवळ्या पट्ट्याकडे सरके, की मीटरसाहेब पाय उचलत. सूर विरून जाई. असं वळणामागून वळण चाललं होतं. मागून एक भाजीचा टेंपो हॉर्न देत पुढे निघून गेला. वहिनी खिडकीबाहेर बघायला लागल्या.

पेट्रोल पंप आला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “भरून घेता का थोडं?”

“हिशोब केलाय, वहिनी.”

“हेही असंच म्हणायचे,” त्या म्हणाल्या. मीटरसाहेबांचं लक्ष पाण्याच्या तापमानाकडे होतं. नाहीतर तेव्हाच शहाणे झाले असते.

शेवटच्या मोठ्या चढाच्या तोंडाशी गाडीनं दोन आचके दिले आणि ती थांबली. दाबाचे काटे एकेक करत झोपले. मीटरसाहेबांनी प्रत्येकाला टिचकी मारून पाहिली. फक्त बॅटरी ठणठणीत होती.

“काय झालं?”

“सगळं प्रमाणात आहे,” ते म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. “वहिनी, तुम्ही एकच गोष्ट मागितली होतीत, आणि मी तीही घालवली.”

वहिनी खाली उतरल्या, मागे गेल्या, डिकी उघडली आणि जुन्या गोणपाटाखालून पेट्रोलचा डबा काढला.

“तुमच्या बायकोनं ठेवलाय. म्हणाली, आधी बोलू नका, हिशोब चुकू देत.”

मीटरसाहेबांनी पेट्रोल ओतलं. परत येऊन बघतात तर वहिनींनी खांद्यावरची शाल काढून सगळ्या काट्यांवर पसरलेली.

“अहो, पण मग कळणार कसं?”

“यांना कसं कळायचं? मी होते ना शेजारी. शिटी फार बारीक झाली की मी यांच्या हातावर हात ठेवायची. मग हे पाय उचलायचे. तुम्ही चालवा.”

मीटरसाहेबांनी चालवली. नजर दोनदा शालीकडे गेली, पण चालवली. चढावर इंजिन घुमलं, शिटी उठली, वाढत गेली, सगळा घाट त्या आवाजानं भरला. वहिनींनी डोळे मिटून घेतले. ओठ हसत होते आणि गालावरून पाणी वाहत होतं. माथ्याजवळ त्यांचा हात गिअरवरच्या हातावर हलकेच टेकला. मीटरसाहेबांनी पाय उचलला.

वहिनींना त्यांच्या दारात सोडताना ते वाट पाहत थोडे रेंगाळले. वहिनी म्हणाल्या, “छान झालं हो. शाल राहू दे तिथेच.” बस्स, इतकंच. ‘यांच्यासारखी’ हा शब्द काही आला नाही.

तरी ते तृप्त होते. शाल तशीच ठेवून, मान जराशी तिरकी करून, केवळ कानावर भरवसा ठेवून ते घरी निघाले. वाटेत पंप लागला. त्यांनी इंजिनाचा आवाज ऐकला. आवाज उत्तम होता. ते पुढे गेले.

बायको गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. गल्लीच्या तोंडाशी तिला गाडी दिसली, आणि उघड्या दारातून एका हातानं स्टिअरिंग धरून घामाघूम होऊन ती ढकलणारे मीटरसाहेब दिसले. गाडी फाटकाशी येईपर्यंत ती शांतपणे बघत राहिली.

“आज मात्र,” ती वरून म्हणाली, “अगदी तुमच्या दादांसारखी आणलीत. तेही दर वेळी अशीच घरी आणायचे.”