वेंडेलने छत्री वाळत घातली

वेंडेलला जेवायला साडेअकराला बोलावलं होतं आणि तो साडेनऊलाच येऊन ठेपला होता. नेब्रास्कातल्या त्याच्या गावी वेळेआधी पोचणं हा सद्गुण मानत. पण यजमानांच्या दारात दोन तास आधी उभं राहणं जगातल्या कुठल्याच गावी सद्गुण मानत नाहीत, हे त्यालाही कळत होतं. ते घर शांघायच्या त्या मोठ्या बागेच्या मागच्याच गल्लीत होतं. म्हणून तो वेळ काढायला बागेत शिरला.

आज तो फांग रुओलानच्या आईला पहिल्यांदा भेटणार होता. रुओलान डोळ्यांच्या दवाखान्यात काम करी. वर्षभरापूर्वी वेंडेल चष्म्याचा नंबर काढायला गेला आणि नंतर नंबर बदललेला नसतानाही जात राहिला. दोघांचं ठरलं होतं. अडलं होतं ते आईपाशी. "आईने नाही म्हटलं तर मला जमायचं नाही," असं रुओलानने स्वच्छ सांगितलं होतं. "तिला दुखवून माझ्या घशाखाली घास उतरणार नाही." आईला तिने एवढंच सांगितलं होतं की तो मास्तर आहे आणि बाहेरगावचा आहे. किती बाहेरचा, ते सांगायचं धाडस तिला झालं नव्हतं. आणि नुसतं 'बाहेरगावचा' ऐकूनच आईने आठ दिवस तोंड फुगवलं होतं.

रुओलानने वेंडेलला चांगलं पढवून ठेवलं होतं. वडीलमाणसांनी काही विचारलं तर लपवायचं नाही. त्यांना तोंडावर नाही म्हणायचं नाही. काही देऊ केलं तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. वेंडेल हे नियम मनात घोळवत झाडांखालून चालला होता.

सकाळची भुरभुर आता थांबली होती. पुढे एका वळणावर, पायवाटेच्या कडेने, पुष्कळ छत्र्या उघडून जमिनीवर ओळीने ठेवलेल्या त्याला दिसल्या. काय हे व्यवस्थित लोक, असं त्याच्या मनात आलं. छत्र्यासुद्धा एकत्र, ओळीने वाळवतात. त्याने आपलीही छत्री उघडली, ओळीच्या शेवटी नीट ठेवली आणि शेजारी उभा राहिला.

आता, रविवारी बागेच्या त्या कोपऱ्यात छत्री पावसासाठी उघडत नाहीत, हे त्या शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. छत्रीवर कागद टाचलेला असतो आणि त्यावर मुलाचं किंवा मुलीचं वय, उंची, शिक्षण, नोकरी, घर आहे की नाही, ते सगळं लिहिलेलं असतं. शेजारी आई नाहीतर बाप डबा घेऊन बसलेला असतो. उघडी छत्री म्हणजे 'आमच्याकडे लग्नाचं माणूस आहे, चौकशी करा.' चार वर्षांत वेंडेल चॉपस्टिकने माशाचे काटे काढायला शिकला होता आणि मंडईत घासाघीस करायलाही. पण हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. नवरदेवाच्या चौरंगावर जाऊन बसू नये हे काय लग्नाला आलेल्या पाहुण्याला कुणी सांगतं? चिनी बोलता त्याला बरं येई. वाचता मात्र बसची पाटी आणि नूडलच्या दुकानातला फलक, बस्स. त्यामुळे छत्र्यांवरचे कागद त्याला दिसले, पण ते त्याच्याशी काही बोलले नाहीत.

पहिल्या आल्या गु मावशी. कुरळे करून घेतलेले केस, काखेत गरम पाण्याची बाटली.

"पोरा, ही छत्री तुझी?"

"हो मावशी, माझीच."

"कुणासाठी ठेवलीयस?"

वेंडेलला प्रश्न जरा विचित्र वाटला. "माझ्यासाठीच."

"आईबाप नाही आले?"

"ते फार लांब असतात, मावशी. त्यांना जमणार नव्हतं."

गु मावशींचा चेहरा विरघळला. त्यांनी मागे वळून दोघीतिघींना हाक मारली आणि सांगितलं की हा बिचारा परका मुलगा आपलं आपणच बघतोय, कागद लिहायलाही जवळ कुणी नाही. पाच मिनिटांत वेंडेलभोवती कोंडाळं जमलं.

मग प्रश्न सुरू झाले. वय किती, उंची किती, पगार काय, भावंडं किती, त्यांत तू कितवा, वडिलांचं वय काय, त्यांच्या डोक्यावर केस आहेत का, आईला संधिवात आहे का, दारू पितोस का, घोरतोस का, भांडी कोण घासतं. वेंडेलने काही लपवलं नाही. उलट बोलता बोलता त्याचा ऊर भरून आला. त्याच्या गावी शेजारच्या घरातले गृहस्थ तीस वर्षं रोज सकाळी हवा कशी आहे एवढंच बोलत आणि एक दिवस तेही बोलायचे थांबले, तेव्हा कळलं की त्यांचं आडनावसुद्धा कुणाला नीट माहीत नाही. इथे मात्र ओळख होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोवर चार बायका त्याच्या वडिलांच्या टकलाची काळजी करत होत्या. या शहरात माणूस एकटं पडायचं म्हटलं तरी पडू देत नाहीत, असं त्याला वाटलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

"लग्न झालंय?" गु मावशींनी विचारलं.

"नाही अजून. पण आता लवकर व्हावं अशी फार इच्छा आहे."

कोंडाळ्यातून समाधानाचा हुंकार निघाला. गु मावशी म्हणाल्या की त्यांची भाची गुणाची आहे, पण इंग्रजी बोलायला लाजते. एकदा भेटून चार शब्द बोललास तर बरं होईल. अशी विनंती वेंडेलला आठवड्यातून दोनदा तरी होत असे. मास्तराचा धंदाच तो. "अवश्य, आनंदाने," तो म्हणाला. माओ नावाच्या आणखी एका बाईंची मुलगीही लाजत होती. तिलाही तो आनंदाने भेटणार होता.

एवढ्यात कोंडाळं आपोआप दुभंगलं आणि शेन मावशी आत आल्या. बुटक्या, ताठ, जांभळं जाकीट, हातात स्वतःचं घडीचं स्टूल. या कोपऱ्यात त्या तीन वर्षं दर रविवारी बसत. कुणाचा मुलगा खरंच इंजिनिअर आहे आणि कुणाचा नुसता म्हणायला, ते त्या लांबून ओळखत. त्यांनी वेंडेलला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि मग पुन्हा पायांकडे येऊन, काही न विचारता, वाकून त्याच्या विजारीचा पाय चिमटीत धरून वर उचलला.

"आत गरम काही नाही घातलंस? नोव्हेंबर लागलाय. गुडघे काय उसने आणलेत?"

"चुकलं, मावशी."

"चुकलं म्हणतोय," शेन मावशी इतरांकडे पाहून म्हणाल्या. "आमच्याकडचा असता तर वाद घातला असता."

त्यांनी पिशवीतून एक खजुरासारखं गोड, पिकलेलं पर्सिमनचं फळ काढलं. वेंडेलने दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी घेतलं. शेन मावशींचे डोळे चमकले. त्यांनी स्टूल उघडलं आणि वेंडेल आणि गु मावशी यांच्या बरोबर मधे ठेवलं.

इथून पुढे दोघी मावश्या अस्सल शांघायच्या बोलीत शिरल्या. त्या बोलीतले चार शब्दसुद्धा वेंडेलला चार वर्षांत आले नव्हते. आवाजांवरून एवढं कळत होतं की आधी कोण आलं यावर खल चालला आहे. इंग्रजी शिकायची काय ही तळमळ, असं म्हणून त्याने मनोमन हात जोडले.

अखेर शेन मावशी जिंकल्या असाव्यात, कारण त्या त्याच्याकडे वळून सगळ्यांना समजेल अशा भाषेत म्हणाल्या, "माझी मुलगी लाजत नाही. पण तिला नीट बोलणारं माणूस भेटायला पाहिजे. आज दुपारी ये."

वेंडेल अडचणीत आला. तोंडावर नाही म्हणायचं नव्हतं. "मला फार आवडलं असतं, मावशी. पण आज एका घरी जेवायला जायचंय. तिथल्या मुलीच्या आईने मला अजून पाहिलेलं नाही. आज त्यांना मी पसंत पडलो नाही, तर माझं काही खरं नाही."

गु मावशींनी सुस्कारा टाकला. शेन मावशींनी नाही टाकला.

"म्हणजे ठरलेलं नाही."

"आईंनी हो म्हटलं की ठरेल."

"आणि त्या बाईला अजून वेळ झाला नाही तुला बघायला?"

"त्या जरा कडक आहेत म्हणे. मला खरं सांगायचं तर भीती वाटतेय."

शेन मावशींनी पाठ आणखी ताठ केली. "ऐकलंत? पोरगा वडीलमाणसांशी अदबीने बोलतो, भांडी स्वतः घासतो, थोरला असून मिजास नाही. आणि कुठलीशी बाई त्याला घाबरवून ठेवते. अशा बायका मला माहीत आहेत. सतरा खोड्या काढतील आणि मग मुलगी घरात बसली की नशिबाला बोल लावतील."

"त्या तशा नसतील, मावशी. मुलगी त्यांची फार चांगली आहे."

"मुलगी चांगली असते रे. आयाच मूर्ख असतात." त्यांची नजर त्याच्या काखेतल्या फुलांवर गेली. वेंडेलने सकाळी निवडून निवडून पांढऱ्याशुभ्र शेवंतीचा गुच्छ घेतला होता. "हे काय? त्या घरात कुणी गेलंय का?"

वेंडेलने नाही म्हणून मान हलवली. त्यांनी तो गुच्छ काढून घेतला आणि गु मावशींपुढे धरला. गु मावशी चटका बसल्यासारख्या मागे सरल्या. पांढरी शेवंती मयताला नेतात, पसंतीला नाही, हे शेन मावशींनी त्याला लहान मुलाला समजवावं तसं न चिडता सांगितलं. लाल खोक्यातली मिठाई घे, एक नाही, जोडीने घे, दुकान त्या फाटकाबाहेर आहे, आणि मालक जुनी द्यायला लागला तर शेन मावशींनी पाठवलंय म्हण.

आपण दुसऱ्याच घरी पसंतीला जात असताना सुद्धा या मावशी आपली बाजू सावरून देताहेत, हे पाहून वेंडेलच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं.

"आणि ऐक," निघताना त्या म्हणाल्या. "त्या बाईने नाही म्हटलं तर बसून रडायचं नाही. थेट माझ्याकडे यायचं. मागच्या गल्लीत कुणालाही शेनचं घर विचार."

वेंडेलने छत्री मिटली, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि मिठाईच्या दुकानाकडे गेला. मागच्या गल्लीतच आपल्यालाही जायचं आहे, एवढं त्याच्या लक्षात आलं. पण तो चालला होता फांगांकडे. आणि या देशात लग्नानंतर बायका माहेरचंच आडनाव लावतात, हे माहीत असूनही, नेब्रास्कातल्या माणसाला ते ऐन वेळी आठवत नाही.

साडेअकराला पाच मिनिटं कमी असताना तो तिसऱ्या मजल्यावर पोचला. घंटेकडे हात नेला आणि तसाच थांबला, कारण दाराआडून मोठ्याने बोलणं ऐकू येत होतं. रुओलानचे वडील उत्तरेकडचे, शांघायची बोली त्यांना कधी जमली नाही. म्हणून त्या घरातली भांडणं सगळ्यांना समजेल अशाच भाषेत होत.

"तुझ्या त्या मास्तराला जेवू घाल आणि वाटेला लाव," आतून आवाज आला. "मी आज हिरा शोधलाय."

तो आवाज वेंडेलच्या ओळखीचा होता. हातातली दोन्ही खोकी त्याने छातीशी धरली.

"आई, शब्द दिला होतास तू. निदान बघून तरी घे."

"काय बघायचंय? बाहेरगावचा केला की काय होतं ते मी तीस वर्षं बघतेय. तो बघ तुझा बाप, अजून सूपमध्ये मिरची टाकतो."

स्वयंपाकघरातून कुणीतरी खाकरलं.

"मग तुझा हिरा कुठला आहे?"

"अमेरिकेचा."

"आई, तो तर त्याहून बाहेरचा झाला."

"बाहेरगाव म्हणजे जिथे आगगाडीने जाता येतं ते. हा परदेशचा. ते वेगळं."

"नाव काय त्याचं?" आता रुओलानचा आवाज सावध झाला होता.

"पहिल्या भेटीत नाव कोण विचारतं? थोरला आहे. बापाच्या डोक्यावर केस कमी आहेत, पण आईकडच्यांचे दाट आहेत. घोरत नाही. लग्नाची फार इच्छा आहे. आपली छत्री घेऊन स्वतः उभा होता बिचारा. गुची भाची, माओची मुलगी, सगळ्यांना भेटायला तयार."

"सगळ्यांना?" रुओलान म्हणाली. "आनंदाने?"

"अगदी. तुला कसं कळलं?"

वेंडेलने जिन्यावर उभ्या उभ्या बगलेतल्या छत्रीकडे पाहिलं. आता त्याला कळलं की छत्र्या ओळीने का होत्या. सकाळपासून तो आईला भ्यायला होता. आईला तर त्याने केव्हाच जिंकलं होतं. भ्यायला हवं होतं ते मुलीला. परत खाली उतरावं असाही विचार त्याने केला. पण वडीलमाणसांनी बोलावलेलं टाळायचं नसतं. त्याने घंटा दाबली.

दार शेन मावशींनी उघडलं. त्याला पाहून त्यांचा चेहरा आधी फुलला आणि मग मायेने आक्रसला.

"आलास? नाही म्हणाली ना ती? वाटलंच मला. काही बोलली का तुला, ती बाई?"

त्यांच्या खांद्यावरून रुओलान त्याच्याकडे बघत होती. चष्म्याचा नंबर काढताना ती अशी कधी बघत नसे.

"अजून काही बोलल्या नाहीत, मावशी," वेंडेल हळूच म्हणाला. "आत्ताच दार उघडलंय त्यांनी."

शेन मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. मग मागे वळून मुलीकडे पाहिलं. मग जिन्याकडे पाहिलं, तिथून दुसरी एखादी बाई वर येईल तर बरं, अशा आशेने.

"हाच तो," रुओलान म्हणाली, आणि मग त्याला, "छत्री का उघडली होतीस?"

"ओली होती. वाळत घातली."

स्वयंपाकघरात कढईवरचं झाकण खणकन खाली पडलं. हसू दाबणाऱ्या माणसाच्या हातून ते तसंच पडतं. रुओलानने ओठ घट्ट मिटून धरले, पण चष्म्यामागचे डोळे फितूर झाले. शेन मावशी मात्र हसल्या नाहीत. 'त्या बाई'बद्दल आपण भर बागेत काय काय बोललो, त्याची उजळणी त्यांच्या चेहऱ्यावर ओळीने होताना दिसत होती. आणि ऐकायला गु मावशी होत्या. म्हणजे संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्या इमारतींना ते पाठ होणार होतं.

एवढ्यावर दुसरी एखादी बाई खचली असती.

"ऐक," त्या मुलीला म्हणाल्या. "हा मी शोधलाय."

"आई, मी त्याला वर्षभर—"

"मी शोधला तेव्हा सबंध बाग बघत होती. गुच्या हातून ओढून आणलाय मी त्याला. तू वर्षभर ओळखतेस म्हणतेस, तर आहे कुणी साक्षीदार?"

रुओलानने वेंडेलकडे पाहिलं. वेंडेलने दोन्ही खोकी दोन्ही हातांनी पुढे केली.

"कुणी नाही, मावशी."

"मग झालं तर." त्यांनी खोकी एकदाही नको न म्हणता घेतली, कपाटातून नव्या कोऱ्या सपाता काढल्या आणि वाकून त्याच्या पायांशी ठेवल्या. "घाल आधी. फरशी गार आहे."