साताऱ्याच्या मधाची परीक्षा

"ह्या बाटलीस गोकुळाष्टमीपावेतों कोणी शिवायचें नाही," असं वादिराजरावांनी जाहीर केलं, तेव्हा घरात त्यांच्याखेरीज एकटी वेदवतीच होती. तेव्हा हे 'कोणी' म्हणजे कोण, ते उघडच होतं.

बाटली मधाची होती आणि साताऱ्याहून आली होती. तीन वर्षांपूर्वी तंजावरला जुनी हस्तलिखितं पाहायला एक सातारकर मुलगा आला आणि जाताना रावांची एकुलती एक लेक कृष्णवेणी घेऊन गेला. अर्थात रीतसर लग्न लावून. घराणं मूळचं तिकडचंच, पण त्यातलं कोणी दोनशे वर्षांत त्या मुलखात परत गेलं नव्हतं. कृष्णवेणी गेली ती गेलीच. महिन्याला एक कार्ड येई: 'मी सुखांत आहे. येथें माझ्या बोलण्यास सगळे हासतात.' वेदवती ते कार्ड पुढचं येईपर्यंत उशाखाली ठेवी. "एकदां जाऊन लेंकीस पाहून येऊं," असं तिनं म्हटलं की तालुका कचेरीचे हेडक्लार्क वादिराजराव म्हणत, "रजा नाही." विषय तिथंच संपे.

आता पूर्वजांच्या मुलखातला पहिला मध आधी देवाला, हे बरोबरच होतं. राव तसे शिस्तीचे. त्यांनी बाटली देवघरातल्या फळीवर ठेवली. पण देवघर झाडायचं कोणी? वेदवतीनं. चौथ्या दिवशी तिनं बूच नुसतं वास घ्यायला काढलं. बुचाला लेकीच्या हातची चिंधी गुंडाळलेली होती. वास घेता घेता बोट कधी बुडालं आणि कधी तोंडात गेलं, ते तिला समजलंच नाही. जिभेवर मध आला आणि डोळ्यांत पाणी. मग रोज एक बोट. रोजच्या बोटानं बाटली उतरू लागली, तशी तिनं साखरेचा पाक करून ती भरली. आठ दिवसांनी पाहते तो बाटली पुन्हा उतरलेली. आपलं बोट इतकं हावरं कधीपासून झालं, हे तिला कळेना. तिनं आणखी थोडा पाक घातला.

चोरी पचलीही असती, पण रावांनी मधाची गोष्ट सगळ्या गल्लीत सांगून ठेवली होती. अष्टमी आठ दिवसांवर आली तसा गोविंदपुरमच्या विठ्ठलमंदिरातल्या भजनमंडळींचा शामसुंदर दारात हजर झाला.

"वैनी, विठ्ठलाच्या पंचामृतास तुमचा मध पाहिजे. आपल्या मुलखांतला! सगळे वाट पाहत बसलेत."

उष्टा मध विठ्ठलाच्या डोक्यावर! सात जन्म फिटणार नाही असलं पाप. ती काही बोलणार, तोच राव घाईघाईनं म्हणाले, "तसाच कसा द्यावा? बाजारांत हल्ली गुळाचें पाणीच मध म्हणून विकतात. परीक्षा झाल्यावांचून देवास नको."

"लेंकीनें धाडलेल्या मधाची परीक्षा?" शामसुंदरनं कपाळाला हात लावला. "बरें, चाखून पाहूं."

"चाखून?" दोघं नवरा-बायको एकदम ओरडली. "उष्टा होईल की!"

म्हणजे जिभेचा मार्ग बंद. शामसुंदरनं तांब्यात पाणी मागवलं आणि वरून एक थेंब सोडला. थेंब न विरघळता तळाशी जाऊन बसला. "पास!" तो म्हणाला. वेदवती मनात म्हणाली, विठोबा, नापास कर रे. मग त्यानं कापसाची वात बुडवून पेटवली. पाकाची वात चुरचुरायला हवी होती, पण ही मेली समईसारखी जळली. पुन्हा पास. राव म्हणाले, "टीपकागद आण." मध टीपकागदात न झिरपता वर मुकाट बसून राहिला. पुन्हा पास. राव म्हणाले, "खऱ्या मधास कुत्रें तोंड लावीत नाही, म्हणतात." गल्लीतलं कुत्रं आणलं. त्यानं मध हुंगला आणि तोंड फिरवून निघून गेलं. ते कुत्रं समोरच्या लग्नघरी सकाळपासून जेवत होतं, ही गोष्ट वेगळी.

"आतां तरी द्याल का?" शामसुंदर घामाघूम झाला होता.

"नाही," राव म्हणाले. "शास्त्रीय परीक्षा पाहिजे."

नवऱ्याला आज ही कुठली बुद्धी सुचते आहे, याचं वेदवतीला नवल वाटलं. पण तिनं त्याबद्दल देवाला हात जोडले. बाटली कॉलेजात केमिस्ट्री शिकवणाऱ्या शंकरनारायणकडे गेली. अष्टमीच्या आदल्या दिवशी तो बाटली आणि एक कागद घेऊन आला. शामसुंदर आधीच ओट्यावर ठाण मांडून बसला होता.

"मामी, वाईट वाटून घेऊ नका," शंकरनारायण तमिळमध्ये म्हणाला. "अर्ध्याहून जास्त भेसळ आहे."

वेदवतीचा जीव भांड्यात पडला. पण पडतो न पडतो तोच शामसुंदर कडाडला, "म्हणजे सातारकरांनी फसविलें! व्याह्यांस पाकाचें पाणी धाडतात? अशा घरीं आमची मुलगी सुखांत कशी असेल? आजच पत्र लिहितों, साऱ्या मंडळींच्या सह्या घेऊन!"

वेदवतीच्या डोळ्यांपुढे ते पत्र उभं राहिलं. साताऱ्याच्या ओसरीवर कोणीतरी ते मोठ्यानं वाचतंय, आणि आत चुलीपाशी कृष्णवेणी मान खाली घालून ऐकते आहे. आधीच बोलण्याला हसतात. आता मधालाही हसतील. बोटाचं पाप आपलं, आणि ते फेडायचं पोरीनं?

"लिहूं नका," ती म्हणाली. "त्यांच्या मधांत खोट नाही. पाक मी घातला."

मग तिनं सगळं सांगून टाकलं.

"रोज चाखत होतें. कमी झाला तसा साखरेचा पाक भरला. लेंकीची फार आठवण येत होती, दुसरें काही नाही." आणि तिनं पदर तोंडाला लावला.

शामसुंदर पत्राचं विसरला. शंकरनारायण मात्र शास्त्रज्ञ होता. त्याला रडण्यापेक्षा कागद महत्त्वाचा. "साखरेचा पाक ठीक आहे, मामी," तो म्हणाला. "पण तो थोडा आहे. खरी भर ताडगुळाची आहे. गाळच बसलाय तळाशी. तो कुठून आला?"

वेदवतीच्या स्वयंपाकघरात ताडगूळ कधीच येत नसे. घरात तो एकाच जागी होता: खोकल्यासाठी म्हणून वादिराजरावांच्या टेबलाच्या खणात. तिनं हळूच मान वळवली. कचेरीत ज्यांच्यापुढे चपराशी थरथर कापत, त्या हेडक्लार्क साहेबांचे कान लालबुंद झाले होते.

"मी येतों," शामसुंदर म्हणाला. "पंचामृतास मध दारासुरमहून आणीन." जाताना त्यानं शंकरनारायणलाही दंडाला धरून उठवलं.

दोघं गेल्यावर रावांनी बाटलीला बूच लावलं. मग खाली मान घालून त्यांनी विचारलं, "किती चाखलास?"

"रोज एक बोट. तुम्ही?"

"दोन," राव म्हणाले, आणि रजेचा अर्ज लिहायला बसले.